हातातला जीपीएस रिसीव्हर नीट कसा वापरावा

मोबाइल खिशात असताना वेगळा जीपीएस रिसीव्हर कशाला घ्यायचा, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलमध्येही जीपीएस असतं आणि रेंज नसली तरी ते चालतं, कारण उपग्रहांचे संकेत घ्यायला नेटवर्क लागत नाही. अडतं ते दुसरीकडे. नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर स्क्रीनवर कोऱ्या जागेवर एक ठिपका दिसतो. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही आणि भर उन्हात ती वाचताही येत नाही. बॅटरी संपली तर नकाशाही जातो आणि मदतीसाठी फोन करण्याची सोयही जाते. हातातला रिसीव्हर या कामासाठीच बनवलेला असतो. त्याला बटणं असतात, त्याची स्क्रीन उन्हात जास्त स्पष्ट दिसते, अनेक मॉडेलमध्ये साधे सेल जागेवर बदलता येतात, आणि बहुतेक उपकरणं एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी टिकतील अशा दर्जाची असतात. फोन मात्र फोन म्हणून शिल्लक राहतो.

यंत्र नेमकं काय करतं

रिसीव्हर फक्त ऐकतो. तो कोणालाही तुमचा ठावठिकाणा कळवत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याची वेगळी सोय असलेली उपकरणं मिळतात, पण तो निराळा भाग. जीपीएसचे तीसच्या आसपास उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असतं. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि संकेत निघाल्याची वेळ सतत सांगत राहतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून ती किती दूर पडली हे जसं काढतात, तसंच रिसीव्हर संकेताच्या प्रवासाच्या वेळेवरून उपग्रहाचं अंतर काढतो. इथे वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ इतकं अचूक नसतं. म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. चौथा लागतो, आणि त्याच्या मदतीने यंत्र आपल्या घड्याळाचीही चूक काढून टाकतं.

पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना यातूनच निघतात. आकाशाचा जितका भाग मोकळा, तितकं उत्तर चांगलं. अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेडौ या यंत्रणा जगभर चालतात, आणि भारताची नाविक तिच्या प्रदेशापुरती. रिसीव्हरमध्ये एकापेक्षा जास्त यंत्रणा चालू करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. थोडी बॅटरी जास्त जाते, पण दरीत आकाशाचा निमुळता पट्टाच दिसत असतो तेव्हा ती वसूल होते.

निघण्यापूर्वीची सेटिंग

हे काम घरी, निवांत करायचं. वाटेवर वारा आणि पाऊस असताना मेनू शोधत बसू नये.

सेलचा प्रकार आधी निवडा: अल्कलाइन, रिचार्जेबल की लिथियम. चुकीचा प्रकार निवडला तर यंत्र बिघडत नाही, पण किती चार्ज उरला हे चुकीचं दिसतं आणि भरवशाच्या क्षणी स्क्रीन काळी पडते. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. तिथे लिथियम सेल सगळ्यात चांगले.

मग अक्षांश-रेखांश दाखवण्याची पद्धत. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात. एकच जागा तीन तऱ्हांनी लिहितात: नुसते अंश आणि त्यांचे दशांश; अंश, मिनिटं आणि मिनिटांचे दशांश; किंवा अंश, मिनिटं, सेकंद. एका अंशात ६० मिनिटं असतात. त्यामुळे १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५ अंश. तेच कोणी १८.३० असं टाकलं तर जागा ०.२ अंशाने सरकते, आणि अक्षांशात ०.२ अंश म्हणजे सुमारे २२ किलोमीटर! यंत्र तक्रार करत नाही. ते शांतपणे त्या चुकीच्या जागेचा बाण दाखवत राहतं. म्हणून कोणी आकडे दिले की ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे विचारा, यंत्र त्याच पद्धतीवर आणा, आणि मगच आकडे टाका. टाकून झाल्यावर नकाशाचं पान उघडून तो ठिपका अपेक्षित भागात पडलाय का, तेही बघा.

दशांश किती घ्यायचे? अंशांच्या पद्धतीत तिसरा दशांश साधारण १११ मीटरचा आणि पाचवा सुमारे १.१ मीटरचा. पाचाच्या पुढचे आकडे हातातल्या यंत्राच्या बाबतीत निरर्थक असतात, ते उतरवून घेण्यात वेळ घालवू नका.

डेटम नावाची आणखी एक सेटिंग असते. पृथ्वीचा आकार कोणत्या गणिती नमुन्याप्रमाणे धरायचा हे त्यातून ठरतं. जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस ८४ आहे आणि सहसा तोच राहू द्यावा. जुने छापील नकाशे मात्र वेगळ्या डेटमवर बेतलेले असू शकतात, आणि तेच आकडे दोन डेटमवर कित्येकदा शंभर-दोनशे मीटर, काही ठिकाणी त्याहूनही दूर पडतात. नकाशाच्या समासात डेटमचं नाव छापलेलं असतं. त्या नकाशावरून आकडे घ्यायचे असतील तेवढ्यापुरता यंत्राचा डेटम बदला आणि काम झालं की परत मूळचा करा.

शेवटची सेटिंग उत्तरेची. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जागेनुसार काही अंशांचा फरक असतो. सोबत होकायंत्र वापरणार असाल तर दोन्हीकडे एकच उत्तर ठेवा.

सुरू करताना: एका जागी उभे राहा

नवीन यंत्र, बरेच महिने बंद असलेलं यंत्र, किंवा बंद अवस्थेत शेकडो किलोमीटर दूर नेलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की त्याला वेळ द्यावा लागतो. आपल्या डोक्यावर कोणते उपग्रह असायला हवेत हे त्याला ठाऊक नसतं. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. प्रत्येक उपग्रहाची स्वतःची नेमकी माहिती मात्र दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते आणि काही तासच ताजी राहते. म्हणून सकाळी वापरलेलं यंत्र दुपारी चटकन जागा सांगतं, आणि दोन आठवड्यांनी काढलेलं यंत्र मिनिटभर विचार करतं.

या काळात चालू नका. मोकळ्या जागी उभे राहा आणि उपग्रहांचं पान उघडा. तिथे पट्ट्या दिसतात. पट्टी भरीव झाली की त्या उपग्रहाची माहिती वापरात आली. अँटेना कसा आहे यावर यंत्र कसं धरायचं ते ठरतं: वर दांड्यासारखा जाड अँटेना असेल तर यंत्र उभं धरा, अँटेना आत चपटा बसवलेला असेल तर आडवं, स्क्रीन आकाशाकडे करून. चालताना ते पॅंटच्या खिशात टाकू नका, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवा. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असतं आणि पाणी हे संकेत अडवतं.

स्क्रीनवर ‘अचूकता ५ मीटर’ असं काहीतरी येतं. ही हमी नव्हे, यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. आकडा खाली येत येत स्थिरावला की पुढच्या कामाला लागा.

यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असेल तर ते कॅलिब्रेट करा, म्हणजे स्क्रीनवर सांगेल त्याप्रमाणे यंत्र तिन्ही दिशांनी सावकाश फिरवा. सेल बदलले की हे पुन्हा करावं लागतं, आणि करताना मोबाइल, गाडी, लोखंडी कठडा यांपासून दूर राहा. होकायंत्र नसलेल्या साध्या यंत्रात दिशा फक्त चालताना कळते. उभं राहिलं की बाण कुठेही वळतो, तेव्हा दिशा पाहायची असेल तर दहा-वीस पावलं सरळ चाला.

निघायच्या जागेची नोंद

ही पायरी कोणीही गाळू नये. पाऊल उचलण्यापूर्वी उभे आहात त्या जागेची नोंद करा. यंत्राच्या भाषेत हा वेपॉइंट. बहुतेक उपकरणांवर ‘मार्क’ बटण असतं किंवा एखादं बटण दाबून धरावं लागतं. यंत्र आपोआप ००१, ००२ अशी नावं देतं. ती ठेवू नका. संध्याकाळी थकलेल्या डोक्याला ००४ म्हणजे विहीर की फाटा हे आठवत नाही. ‘गाडी’, ‘ओढा पार’, ‘डावा फाटा’ अशी नावं द्या. ‘सरासरी’ची सोय असेल तर महत्त्वाच्या जागेवर दोन-तीन मिनिटं थांबून ती वापरा. यंत्र अनेक वाचनं घेऊन त्यांची सरासरी काढतं. आणि निघायच्या जागेचे आकडे कागदावरही लिहा, म्हणजे यंत्र पाण्यात पडलं तरी ते तुमच्याकडे राहतात.

त्याच वेळी जुना ट्रॅक साठवून किंवा पुसून नवीन नोंद सुरू करा. ट्रॅक म्हणजे तुम्ही चाललेल्या वाटेची ठिपक्या-ठिपक्यांची रेघ. जागा स्थिरावण्यापूर्वीच नोंद चालू केली तर सुरुवातीला एक भरकटलेली रेघ उमटते आणि अंतराचा हिशेबही बिघडतो. नोंदीचं अंतर यंत्रावर सोपवलेलं बरं, ते वळणांवर जास्त ठिपके घेतं आणि सरळ वाटेवर कमी.

बाण सरळ रेषेत बोट दाखवतो

एखादा वेपॉइंट निवडून ‘गो-टू’ दाबलं की यंत्र दोन गोष्टी सांगतं, अंतर आणि दिशाकोन. दोन्ही सरळ रेषेतले. मध्ये कडा आहे, नदी आहे, काटेरी रान आहे, याच्याशी त्या बाणाला कर्तव्य नसतं. ‘८०० मीटर’ दिसतं आणि प्रत्यक्षात दरीला वळसा घालून तीन किलोमीटर चालावं लागतं. रस्त्यांचा नकाशा भरलेलं यंत्र गाडीसाठी वळणं सांगू शकतं, पण पायवाट सोडली की पुन्हा सरळ रेषाच उरते.

म्हणून लांबच्या एकाच जागेकडे बाण लावू नका. घरी नकाशा पाहून मधले टप्पे ठरवा: पूल, खिंड, वाट जिथे धारेवर चढते ती जागा. ते क्रमाने जोडले की रूट तयार होतो. मग यंत्र एक टप्पा गाठला की पुढच्याकडे बोट दाखवतं, आणि प्रत्येक बाण चालता येईल अशा दिशेला असतो. पोहोचण्याच्या अंदाजित वेळेवर फार विसंबू नका. तो आत्ताच्या वेगावरून काढलेला असतो, आणि पुढचा चढ त्याच्या हिशेबात नसतो.

माझा सगळ्यात जास्त आग्रह एका सवयीसाठी आहे: आधी डोळ्यांनी अंदाज, मग स्क्रीन. थांबलात की भोवतालचे उंचवटे, ओढे, उतार बघा, कागदी नकाशावर ‘आपण इथे असू’ म्हणून बोट ठेवा आणि त्यानंतर यंत्राला विचारा. दोन्ही जुळले तर खात्री पटते. नाही जुळले तर चूक कोणाची हे तिथेच, परतायला वेळ असताना शोधता येतं. सतत स्क्रीनकडे बघत चालणाऱ्याला वाट लक्षात राहत नाही, आणि यंत्र बंद पडलं की त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

मुक्कामाच्या दहा-पंधरा मीटरवर आलात की बाण भिरभिरायला लागतो. यंत्र बिघडलेलं नसतं. तुम्ही त्याच्या चुकीच्या मर्यादेत शिरलेले असता. यंत्र खाली करा आणि आजूबाजूला शोधा. पूर्वी हे वर्तुळ कितीतरी मोठं होतं, कारण सामान्य वापरासाठीच्या संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. २ मे २००० रोजी ती बंद झाली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एकाने वस्तूंनी भरलेली बादली रानात लपवून तिचे आकडे जाहीर केले, आणि जीपीएसने लपवलेल्या वस्तू शोधण्याचा जिओकॅशिंग हा खेळ जन्माला आला. सरावासाठी तो फार उपयोगी आहे.

परतताना

‘ट्रॅकबॅक’ निवडलं की यंत्र आल्या वाटेने मागे नेतं. धुकं, अंधार, एकसारखं दिसणारं माळरान अशा वेळी याच्याइतकं उपयोगी काही नाही, कारण ही रेघ सरळ रेषेतला अंदाज नसून तुम्ही खरोखर चाललेली वाट असते. अर्थात तुम्ही जिथे वाट चुकून फेरी मारली असेल ती फेरीही त्यात असते. नकाशाच्या पानावर रेघ पाहून असे वळसे टाळा, पण उतार किंवा कडा असेल तिथे शॉर्टकट काढू नका. आणि गाडीत बसण्यापूर्वी नोंद बंद करा, नाहीतर चालण्याचा सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर निघतो.

यंत्रावर केव्हा विश्वास कमी करायचा

उंच कड्याशेजारी, अरुंद घळीत, उंच इमारतींमध्ये संकेत भिंतीवर आपटून येतात. प्रवास लांबल्याने यंत्राला उपग्रह दूर वाटतो आणि जागा सरकते. दाट, ओल्या झाडीखाली संकेत क्षीण होतात. लक्षणं ओळखता येतात: उभे असतानाही वेग दिसतो, ठिपका उड्या मारतो, ट्रॅक करवतीसारखा होतो. अशा वेळी कड्यापासून दूर, मोकळ्यात या आणि थोडं थांबा. जेवणासाठी तासभर थांबलात तरी हे बारीक हेलकावे एकूण अंतरात भर घालतात, म्हणून मोठ्या विश्रांतीत नोंद थांबवावी.

उंचीचा आकडा आडव्या जागेपेक्षा नेहमीच कच्चा असतो, कारण पायाखालचे उपग्रह पृथ्वीआड असतात आणि यंत्राला फक्त वरचेच दिसतात. काही यंत्रांत हवेचा दाब मोजणारा उंचीमापक असतो. तो बारीक चढ-उतार चांगले दाखवतो, पण त्याला आधी उंची माहीत असलेल्या जागी खरा आकडा द्यावा लागतो. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की तो उंची सुमारे आठ मीटरने वाढली असं समजतो. यातून एक छान उपयोग निघतो. रात्री तंबूत ठेवलेलं यंत्र सकाळी ‘उंच चढलेलं’ दिसलं तर दाब उतरला आहे आणि हवा बिघडण्याची शक्यता आहे.

रोजच्या कामात

मोठ्या वाहनतळावर गाडीची जागा, जत्रेत किंवा रानात भेटायची जागा, जमिनीखाली बुजलेल्या व्हॉल्व्हची जागा, तळ्यात मासे मिळाले ती जागा: या सगळ्यांना वेपॉइंट पुरतो. क्षेत्रफळ मोजण्याची सोय असेल तर कडेकडेने सावकाश फेरी मारा. मोठ्या शेतासाठी आकडा उपयोगी येतो. छोट्या तुकड्यात काही मीटरची चूकही फार मोठी ठरते, आणि जमिनीची कायदेशीर हद्द तर अशा यंत्राने ठरवूच नये.

कोणी जखमी झालं आणि मदत बोलवायची वेळ आली तर जागा सांगण्याची रीत आधीच ठाऊक हवी. फोनवर एकेक आकडा सुटा सांगा: ‘अठरा पॉइंट पाच’ नव्हे, ‘एक, आठ, पॉइंट, पाच’. पद्धत कोणती, हे सांगा. अक्षांश उत्तर की दक्षिण, रेखांश पूर्व की पश्चिम, हे सांगा. डेटमचं नाव सांगा. आणि समोरच्याला सगळं परत वाचून दाखवायला लावा. आकड्यांबरोबर ‘ओढ्याच्या उजव्या तीरावर, मोठ्या खडकाखाली’ असं वर्णनही द्या, कारण आकड्यांवरून माणूस जवळ येतो आणि शेवटचे काही मीटर डोळ्यांनी शोधतो.

बॅटरी आणि घरी आल्यावर

स्क्रीनचा दिवा सगळ्यात जास्त बॅटरी खातो. तो मंद ठेवा आणि दहा-पंधरा सेकंदांनी बंद होईल असं करा. गरज नसताना इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बंद ठेवता येतं. सुटे सेल थंडीत अंगालगतच्या खिशात ठेवा, आणि नवे-जुने सेल एकत्र घालू नका.

घरी आलात की ट्रॅक आणि वेपॉइंट संगणकावर उतरवा. जीपीएक्स या प्रकारची फाइल जवळजवळ सगळी उपकरणं आणि नकाशांची अ‍ॅप वाचतात, त्यामुळे तीच दुसऱ्यांना देता येते. देण्यापूर्वी तुमच्या घराच्या दारातून सुरू होणारा भाग कापून टाका. नको असलेले वेपॉइंट पुसा, ठेवायचे आहेत त्यांच्या नावापुढे दोन शब्द लिहा: पाणी उन्हाळ्यात होतं का, वाट पावसात निसरडी आहे का. यंत्र बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलने आतले धातूचे टोक एकदा गंजले की ते साफ करणं अवघड जातं.